मांडीला शिवलेला वारसा

रुदैनाला भरतकाम मंडळाचं अध्यक्षपद मिळालं ते तिच्या दिवाणखान्यामुळे. अल-खलीलच्या डोंगरातल्या त्या गावात सगळ्या बायका एकदम मावतील अशी खोली दुसऱ्या कुणाकडे नव्हती. शिवाय ती बोलायची छान. "आपल्या आज्यांनी गावं सुईनं जपली!" असं ती म्हणाली की डोळ्यांना रुमालांची टोकं लागायची.

तिला फुलीचा साधा टाकासुद्धा घालता येत नव्हता, हे मात्र, तिच्या समजुतीप्रमाणे, एकट्या नणंदेला माहीत होतं. रुदैनाची आई जन्मभर थोब, म्हणजे तिकडचे पायघोळ झगे, भरत राहिली ती थेट डोळे जाईपर्यंत. त्या धसक्यानं लेकीनं सुई कधी हातात धरली नाही.

वारसा दिनाला रामल्लाहहून बडे साहेब आले, मागोमाग कॅमेरे आले. रुदैना आईनं भरलेला थोब घालून मंचावर बसली होती.

"बाई, बोलता बोलता जरा भरून दाखवा ना," कॅमेरेवाली म्हणाली.

नणंद नजाहनं काळं कापड तिच्या मांडीवर टाकलं, तांबडा दोरा ओवलेली सुई हातात दिली आणि कुजबुजली, "खुपस आणि ओढ. बाकी तोंड चालव, ते तुला जमतंच."

रुदैना बोलू लागली. भाषण रंगलं तशी सुईही रंगात आली. शेवटी टाळ्या पडल्या, साहेब उठले, तीही उठली, आणि कापड थोबाला लोंबकळत तिच्याबरोबर उठलं.

साहेब मुरलेले होते. "पाहिलंत?" ते गरजले. "इथली बाई वारसा अंगाला शिवून घेते!"

मांडव दणाणला. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात.

त्याआधी, त्याच संध्याकाळी, घरी नजाह कात्री घेऊन बसली. "हलू नकोस. तुझे टाके कापताना, वहिनी, तुझ्या आईचे तुटतील."

रुदैनाला रडू फुटलं. "मी सगळ्यांना खरं सांगून टाकते."

पुढच्या बैठकीत तिनं खरंच सांगितलं. बायकांनी चहा ढवळत ऐकलं.

"अगं, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," उम्म वज्दी म्हणाली. "पण आता तोंड मिटून बस. पलीकडच्या गावानं कालच जाहीर केलंय, मांडीला कापड शिवायची रीत म्हणे त्यांची, पणज्यांच्या काळापासूनची!"

"चोरट्या मेल्या!" सगळ्या उसळल्या. "आपली रीत पळवतात?"

"पण ती रीत नव्हतीच गं! माझी चूक होती ती!" रुदैना कळवळून म्हणाली.

"चूक असली म्हणून काय झालं, आपल्याच गावाची ना?"

ठराव झाला. निषेधाचं भाषण अर्थात रुदैनानंच करायचं.

तिनं ते केलं नाही. पदही सोडलं, दिवाणखाना तेवढा मंडळाकडेच राहिला. बायका आत निषेधाच्या घोषणा जुळवत असताना ती मागच्या अंगणात नजाहजवळ जाऊन बसायची. आईच्या थोबावरचं सुरूचं झाड समोर ठेवून महिनाभर खपल्यावर तिनं एक आकृती पुरी केली.

नजाहनं ती उन्हात धरली. "कोंबडी छान आलीय."

"सुरू आहे ते!"

"असं? मग उसव."

रुदैना हसली आणि उसवायला लागली.