नकाशाबाहेरची पायवाट

मी एक जुनी पायवाट आहे. ब्राझिलिया या ब्राझीलच्या राजधानीतल्या सरकारी हिरवळीवर तांबड्या मातीची रेघ दिसते ना, तीच मी. मित्रांनो, माझ्या बोलण्यात राग आहे. तो मी लपवणार नाही.

हे शहर कागदावर आखून वसवलं. मोटारींना रुंद रस्ते मिळाले, मंत्रालयं ओळीत उभी राहिली. चालणारं माणूस तेवढं विसरलं गेलं! मला कुणी बांधलं नाही, पावलांनी घडवलं. पहिली पावलं दोना लिंदाउरांची, म्हणजे लिंदाउराबाईंची. बसमधून उतरून त्या मक्याचा केक आणि कॉफीचा थर्मास सांभाळत मंत्रालयाच्या दाराशी विकायला निघत. मग सफाईवाल्या आल्या, कारकून आले. शहर पायी बघणारे पाहुणे माझे फोटो काढत. मला केवढा अभिमान वाटे!

पुढे मंत्रालयात एक नवे साहेब आले. खिडकीतून त्यांना मी हिरवळीवरचा ओरखडा वाटले. त्यांनी माझ्या तोंडाशीच काटेरी झुडपं लावली. लिंदाउराबाईंना हमरस्त्याच्या कडेने वळसा पडू लागला. तिथे पाऊल ठेवायला जागा नाही. त्याच आठवड्यात एका मोटारीने त्यांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. केकचा चुरा डांबरावर पसरला होता आणि मोटारी त्यावरूनच धावत होत्या. मी बघत राहिले, दुसरं काय करणार?

दोन दिवसांनी भर दुपारी त्यांची मुलगी जुसेलिया कोयता घेऊन आली. पहारेकरी वाल्दिविनो धावला.

“ए पोरी, थांब! सरकारी झाडं आहेत ती!”

“आणि माझी आई कुणाची, काका? बेवारशी?”

“अगं, माझी नोकरी जाईल!”

“मग तिकडे तोंड करून उभे राहा.”

वाल्दिविनोने खरंच तोंड फिरवलं. सफाईवाल्या हातमोजे चढवून आल्या आणि झुडपं मुळासकट उपटू लागल्या.

साहेबांनी पुन्हा लावली. बायकांनी पुन्हा उपटली. शेवटी साहेबच थकले. लिंदाउराबाई मात्र परत आल्या नाहीत. आता घरातल्या घरातही भिंत धरून चालतात.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या शहर आखायला बसेल. आधी बसमधून उतरा, हातात ओझं घ्या आणि उन्हातून चाला. जिथे माणसांनी वाट पाडली असेल, तिथे काटे लावू नका. बाईचं हाड मोडण्यापेक्षा तुमची हिरवळ मोडलेली बरी!