गव्हावर भरडलेली ज्वारी

मी वर्ध्याजवळच्या आंजी मोठी गावातली एक जुनी चक्की आहे. दगडाचे दोन पाट, एक मोटर, एक पट्टा आणि पिठाने पांढरे झालेले तोंड, एवढाच माझा संसार. मित्रांनो, अख्ख्या गावाचे दाणे माझ्या पोटातून गेले आहेत, त्यामुळे गावाबद्दल मला फारसा आदर उरलेला नाही.

तरुणपणी माझे फार कौतुक होते. माझ्या पिठाच्या भाकरीला पापुद्रा सुटतो म्हणून लांबून डबे यायचे. मालक गोपाल वेळच्या वेळी पाटांना टाकी लावून खाचा ताज्या करायचा. मग घरोघरी छोट्या चक्क्या आल्या आणि माझ्याकडे उरले लग्नाचे गहू आणि उपासाची भगर. भगरीचा थाट तर विचारूच नका! लीलाबाई डबा घेऊन आल्या की गोपालला मला उघडून झाडावे-पुसावे लागते. गव्हाचा कण राहिला तर त्यांचा उपास मोडतो. त्या स्वतः वाकून आत पाहतात.

मग आला गावातलाच आदेश. पुण्याच्या बीअर कारखान्यात नोकरी करून परतलेला, शहाणपण नुसते उतू चाललेले. त्याच्या धाकट्या बहिणीला, वर्षालीला, गहू म्हणजे विष. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो कणभर पोटात गेला तरी तिचे आतडे सोलून निघते. चारचौघांत सगळे खातपीत असताना ती पाण्याचा पेला घेऊन बसायची. तिच्यासाठी आदेश ज्वारीची बीअर करणार होता. त्यात ग्लुटेन नाही, नशाही नाही. हेतू चांगला होता. चांगल्या हेतूची माणसे मी फार पाहिली आहेत.

मोड आणून वाळवलेली ज्वारी तो भरडायला घेऊन आला, तेव्हा मी नुकतेच एका लग्नाचे गहू दळले होते.

"पुसून घेऊ काय?" गोपालने विचारले.

"राहू दे ना भाऊ. उपासाचं थोडंच हाये?"

झाले! माझ्या खाचांत बसलेला गहू ज्वारीबरोबर निघून गेला. मला तोंड आहे, पण त्यातून ओरडता येत नाही.

बाटल्या तयार झाल्यावर गोपालच्या ओट्यावर चव घेण्याचा कार्यक्रम ठरला. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे बीअरची चव इथे अर्थातच कुणाला माहीत नसते. तरी परीक्षक म्हणून गावचे वासुदेवराव बसले. दर शनिवारी ते नदीपलीकडच्या जिल्ह्यात कुणाची तरी तब्येत पाहायला जातात. त्यांनी पेला उजेडात धरला, त्यात नाक घातले, घोट जिभेवर घोळवला.

"फेस टिकते. कडूपणा मागून येते. पण अजून थंडी पाह्यजे होती."

थेंबालाही न शिवणाऱ्या माणसाचे हे ज्ञान! लाजायचे कुणी, मी?

वर्षालीने पेला उचलला. भाऊ तिच्या तोंडाकडे पाहत होता. तिने अर्धा पेला पिऊन टाकला आणि हसली. "मस्त लागते रे दादा." सगळ्यांबरोबर, सगळे पितात तेच, ती पहिल्यांदा पीत होती. तेव्हा मला तिची फार दया आली.

"अगदी गव्हाच्या बीअरवानी लागते!" वासुदेवराव म्हणाले. "दहापैकी नऊ!"

वर्षालीचा हात थांबला. "दादा, ज्वारी कुठी दळली?"

"इथंच."

"चक्की पुसलती?"

गोपाल म्हणाला, "मी म्हटलं होतं याले."

"कणभर राह्यला असन, वर्षा," आदेश म्हणाला. "तेवढ्यानं काय होते?"

"तेवढ्यानं लीलाकाकूचा उपास मोडते, दादा."

तिने पेला खाली ठेवला आणि घरी गेली. वासुदेवरावांनी हळूच विचारले, "बाटल्या उरल्या असतीन नं?"

संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. वर्ध्याला नेऊन सलाईन लावावे लागले. दुसऱ्या दिवशी आदेश आला, मला उघडून बसला आणि रडत रडत ब्रशने माझे पाट घासू लागला. घास म्हटले, आता घास!

मित्रांनो, माझी कीव करू नका, मी दगड आहे. उपासासाठी मला पुसता, जरूर पुसा. पण देवाचे पोट कधी दुखत नाही. वर्षालीचे दुखते.