संत्र्याच्या दोन फोडी

जयवंता अकोल्याला सासरी आली ती एक पितळी डबा घेऊन. डब्यात साळीच्या लाह्या होत्या आणि एका पुरचुंडीत मुगाची डाळ. अमरावतीच्या स्टेशनावर गाडी हलेपर्यंत तिची आई पार्वताबाई खिडकीचा गज धरून एकच सांगत होती, "पथ्य मोडू नोको पोरी. जीव वाचला हाय तुहा, थो सांभाळजो."

एकोणीसशे पस्तीस सालचा वैशाख होता तो. आदल्या कार्तिकात जयवंता आणि तिची धाकटी बहीण गोदा, दोघींना एकाच आठवड्यात मुदतीचा ताप आला होता. वैद्याने चाळीस दिवसांचं पथ्य सांगितलं. लाह्यांची पेज आणि मुगाचं पाणी, त्यापलीकडे काही पोटात गेलं तर आतडं फाटेल, असं तो दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता. बाविसाव्या दिवशी नऊ वर्षांची गोदा गेली. सतरा वर्षांची जयवंता मात्र उठून बसली.

चाळीस दिवस सरले, हिवाळा सरला, पण तिचं पथ्य काही सरलं नाही. भाकरीचा तुकडा तोंडापाशी नेला की हात तिथेच थांबायचा. वैद्याचा आवाज कानात यायचा आणि ती तुकडा परत ताटात ठेवायची. आईनेही कधी आग्रह केला नाही. उलट कोणी "आता खाऊ द्या पोरीले" म्हटलं की पार्वताबाई त्यांच्या अंगावर धावून जायची. लग्न आधीच झालेलं होतं, सासरहून दोनदा निरोप आला, म्हणून शेवटी तिला धाडावं लागलं.

सासर म्हणजे दोनच माणसं. सासू मनकर्णाबाई आणि नवरा गोवर्धन. मोर्णा नदीच्या काठी त्यांचा दोन एकरांचा भाजीचा मळा होता. गोवर्धनचा बाप वारल्यावर मनकर्णाबाईने तो एकटीने राखला होता आणि त्यात तिचा आवाज मोठा झाला होता. बाजारात तिच्याशी घासाघीस करायला लोक बिचकत.

जयवंताने पहिला महिना कसाबसा झाकून नेला. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पेज करून प्यायची, आणि जेवताना ताटात घेतलेली भाकर पदराआड लपवून गोठ्यात नेऊन गाईपुढे टाकायची. एक दिवस ती गोठ्यातून परत फिरली तर दारात सासू उभी.

"तुह्या हातची भाकर आमच्या गाईले लय आवडून राहिली वाटते," मनकर्णाबाई म्हणाली.

आता आपली रवानगी माहेरी, असंच जयवंताला वाटलं.

"बस अठी. कोणावर रुसली का?"

"नाई, आत्याबाई."

"मंग आमचं अन्न कडू लागते?"

"नाई." जयवंता खाली बघत राहिली. "भेव वाटते."

"कायचं?"

"मरायचं."

मनकर्णाबाई हसली नाही. तिने सुनेचं मनगट हातात घेतलं, दोन बोटांत मावेल एवढंच होतं ते, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "आजपासून या घरात तुले कोणी 'खा' म्हणणार नाई. गोवर्धनलेही सांगतो. तुह्या ताटाकडं कोणी पाहणार नाई. पेज पिशीन तं पेज पी, पण लपून नोको. आमी बसलो का आमच्या पंगतीले बसजो. एवढंच."

तिने शब्द पाळला. इतका, की सुरुवातीला जयवंतालाच चमत्कारिक वाटलं. ती वाटीभर पेज घेऊन बसायची आणि सासू आणि नवरा आपापल्या ताटात बघत मोटेचं, बैलांचं, वांग्यावर पडलेल्या किडीचं बोलत राहायचे. एकदा गोवर्धन विसरला. "थोडं वरण तरी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं, तर आईने असे डोळे वटारले की त्याला ठसका लागला. जयवंताला हसू आलं. त्या घरात ती पहिल्यांदाच हसली.

सासूने तिला मळ्यात न्यायला सुरुवात केली. काम जड द्यायची नाही. पण रोज सकाळी वाफ्यापाशी उभी करून विचारायची, "आज आपल्यासाठी काय तोडू? तूच सांग." जयवंता म्हणेल ते घरी शिजायचं. ती सांबाराच्या जुड्या बांधायची आणि दिवसभर बोटांना कोथिंबिरीचा तो वास राहायचा. मेथी निवडताना, दोडके चिरताना, चुलीवर फोडणी देताना तिच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. त्याचीही तिला आधी भीती वाटली.

आषाढातल्या एका दुपारी ती तव्यावर भाकर टाकत होती. भाकर टम्म फुगली. तिने वरचा पापुद्रा सोलला, त्यावर मिठाची कणी ठेवली आणि काही कळायच्या आत तोंडात घातला. चावला. गिळला. मग चूल तशीच सोडून उंबऱ्यात जाऊन बसली आणि पोट दुखायची वाट पाहू लागली. मनकर्णाबाई मळ्यातून आली तेव्हा तवा काळा झाला होता.

"आत्याबाई, म्या भाकर खाल्ली."

"असं का," सासू म्हणाली आणि तवा घासायला घेऊन गेली. पण घासताना ती नाकातल्या नाकात जात्यावरची ओवी गुणगुणत होती.

तिथून पुढे सरळ काही झालं नाही. श्रावणात अर्धी भाकर, वरण, कधी चमचाभर भात. भादव्यात तिने काकडी खाल्ली आणि त्याच रात्री पोटात कळ आली. ती पुन्हा पेजेवर गेली, पुरे आठ दिवस. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. मनकर्णाबाईने ओवा चावायला दिला आणि म्हणाली, "पोट म्हंजे काई काचंचं भांडं नोहे व. दुखते, राहते. माहंही दुखते. अजून मेली का मी?"

नवव्या दिवशी जयवंता पुन्हा पापुद्र्यापासून सुरू झाली.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी गोवर्धन बाजारातून चार संत्री घेऊन आला. शेंदूरजन्याच्या बागेतला माल होता, साल पातळ, रसाने जड. त्याने ओसरीवर बसून एक सोललं. तो वास घरात शिरला आणि जयवंता हातातली परात टाकून विहिरीकडे धावली. सगळं उलटून पडलं. मनकर्णाबाई मागोमाग गेली, तिची पाठ चोळली, तोंड धुवायला पाणी दिलं.

"काय झालं, पोरी?"

"आत्याबाई, गोदीले म्या मारलं."

विहिरीच्या काठावर बसून तिने सगळं सांगितलं. दोघी बहिणी एका खोलीत पडून होत्या. जयवंताचा ताप उतरत आला होता. गोदा रोज म्हणायची, ताई, संत्र दे ना व, एकच फोड. फळीवर टोपल्यात संत्री होती, शेजाऱ्यांनी आणून दिलेली. "एक दिवस माय पाण्याले गेल्ती. मी भिंतीले धरून उठली आन् तिले दोन फोडी देल्ल्या. साल खाटेखाली लपवली. तिसऱ्या दिवशी गोदी गेली. वैद्य म्हणे, काई तरी पोटात गेलं असन. म्या कोणाले सांगतलं नाई."

मनकर्णाबाईने पदराने तिचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "वरीसभर हे पोटात घेऊन फिरली? मंग भाकरीले जागा राहीन कुठून?"

दर मंगळवारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर भगवंतरावांच्या घरी भाजी पोचवायची असायची. त्या मंगळवारी मनकर्णाबाईने सुनेला बरोबर नेलं. डॉक्टर बाहेर आल्यावर टोपलं खाली ठेवून ती सरळ म्हणाली, "डॉक्टरसाहेब, भाजी नंतर. आधी या पोरीचं ऐका."

डॉक्टरांनी ऐकलं. मग म्हणाले, "या तापात आतड्याला जखमा होतात. तिसऱ्या आठवड्यात कधी कधी त्या फुटतात. नुसत्या पाण्यावर ठेवलेले रोगीही तसे गेलेले मी पाहिले आहेत. आणि संत्र्याचा रस तर मी आता तापकऱ्यांना स्वतःच देतो. तुझ्या बहिणीला तापाने नेलं बाळ, तू नाही."

परतताना दोघी नदीच्या पुलावर थांबल्या. मनकर्णाबाईने टोपलं कठड्यावर टेकवलं.

"गोड होत्या का त्या फोडी?"

"हो," जयवंता म्हणाली. "गोदी बोटंसुद्धा चाटत होती." आणि ती मोठ्याने रडली. येणारे-जाणारे बघत होते. मनकर्णाबाई टोपल्याला हात लावून तिच्या शेजारी नुसती उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात गोदाचं वर्षश्राद्ध होतं. जयवंता अमरावतीला गेली. आई दारात आली आणि लेकीला बघून जागीच थबकली. गाल भरले होते, हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत नव्हत्या. पण आईच वाळून काटकी झाली होती. वडील नत्थुजी हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "एक टाइम जेवते, थेही कोरडी भाकर. ऐकत नाई कोणाचं."

श्राद्धाचं आटोपल्यावर स्वयंपाकघरात दोघीच होत्या. जयवंताने संत्र्याच्या फोडींचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. तिला वाटलं आई ओरडेल, निदान तोंड फिरवून घेईल. पार्वताबाई भांडं घासायची थांबली. राखेने भरलेले हात तसेच मांडीवर ठेवून ती म्हणाली, "साल मलेच सापडली होती. खाटेखाली झाडताना."

"तुले ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. पण पोरी, त्याच दिवशी सांजच्याले म्या तिले खीर चारली होती. दोन चमचे. 'माय, तोंड बेचव झालं' म्हणे. लेकराचं तोंड पाहून राहावलं नाई मले. मंग वैद्य तसं बोलला, आन् मले वाटलं, माह्याच हातानं..." तिने राखेचे हात पुढे धरले. "म्हणून तुले पथ्यावर ठेवत राहिली. दुसरी नोको जायले."

वर्षभर, आधी एका छपराखाली आणि मग दोन गावांत, दोघी एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होत्या. जयवंता आईजवळ सरकली. तिने डॉक्टरांचं सगळं बोलणं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, शब्द न शब्द. आईने मध्येच विचारलं, "खिरीचं काय म्हणाले?" आणि डॉक्टरांना खिरीचं कोणी विचारलंच नव्हतं. जयवंता म्हणाली, "चाल माह्यासंग अकोल्याले. तूच विचार."

पार्वताबाई माघात आली. भगवंतरावांनी खिरीबद्दलही तेच सांगितलं, आणि वर तिचा हात तपासून म्हणाले की अंगात रक्त नाही, दोन वेळा नीट जेवा.

जेवायचं कुठे, हा प्रश्नच होता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी अन्न घ्यायचं नाही, अशी पार्वताबाईच्या घरची रीत. तिने चक्क शिदोरी बांधून आणली होती. मनकर्णाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात नोको जेवू इहीनबाई. मळा काई घर नोहे. तठी बसू."

दुसऱ्या दिवशी मळ्यात रोडग्यांचा बेत झाला. गोवर्धनने गोवऱ्यांचा आर केला. मनकर्णाबाईने कणकेचे गोळे वळले, जयवंताने झाडावरची वांगी तोडून मोठ्या पातेल्यात रस्सा केला, तिखट आणि लाल. रोडगे निखाऱ्यात भाजून निघाले तशी त्यांची राख फडक्याने पुसली आणि ते फोडून तुपात बुडवले. जयवंता सगळ्यांच्या आधी बसली. तिला भूक लागली होती आणि भूक लागली की बसायचं, एवढं सोपं झालं होतं आता. खाता खाता तिचं लक्ष सासूकडे गेलं. धुरात डोळे चोळत, पदर खोचून ती दुसऱ्यांना वाढत होती. जयवंता उठली आणि तिथेच वाकून तिने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं.

"काय करून राहिली हे? सणवार हाय का आज?" मनकर्णाबाई मागे सरकली. "जेव आधी, निवते."

पण तिने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही.

पार्वताबाईने पहिला घास बराच वेळ हातात धरला. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. गोवर्धन बैलांचं बोलत होता, मनकर्णाबाई त्याला उत्तर देत होती. मग तिने घास तोंडात घातला. दुसरा घेतला. एक रोडगा संपला, दुसरा संपला. रस्सा तिखट होता, नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती पदराने तोंड पुसून जेवतच होती.

"इहीनबाई," ती शेवटी म्हणाली, "तूप हाय का अजून?"

जयवंताने तुपाचं भांडं उचललं आणि आईच्या ताटात धार धरली. आई "बस" म्हणेपर्यंत.