बिअरचा बाप्तिस्मा

माझ्या भावाने स्वतःचं पुस्तक स्वतःच्या हाताने जाळलं, तेव्हा मी पुढच्याच रांगेत उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गॉसविन म्हणजे मठातला साधू आणि मोठा धर्मपंडित, पॅरिसला शिकून आलेला. त्याने रचलेली लॅटिन स्तोत्रं म्यूज नदीच्या दोन्ही काठांवरच्या मठांत गातात. असेल मोठा. पण ते पुस्तक त्याने लिहिलं ते माझ्या बाळासाठी.

मी बिअर करून विकते. त्या हिवाळ्यात विहीर गोठली होती आणि घरात होतं नव्हतं ते पाणी मी सकाळीच जवाच्या कढईत ओतून बसले होते. कळा अचानक सुरू झाल्या. पोरगा जन्मला तोच निळा पडलेला. मूल हाती लागत नाहीसं दिसलं की सुईणीनेच डोक्यावर पाणी घालून त्याला बाप्तिस्मा द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. पाणी कुठलं? हेलविद सुईण बिचारी भांबावली. हाताला लागला तो बिअरचा मग उचलून तिने पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पोराच्या टाळूवर रिकामा केला. पोरगा एकदा कण्हला आणि गेला.

"बिअरचा बाप्तिस्मा चालत नाही, ओडा," आमचे फादर म्हणाले. "पाणीच लागतं." आणि माझं बाळ कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, डुकरं लोळतात तिथे पुरलं. देवाच्या राज्यात त्याला जागा नाही म्हणे!

तेव्हा गॉसविन माझ्या चुलीपाशी बसून ढसाढसा रडला होता. "ताई, देव काय पाण्याची घागर तपासत बसलाय? मी लिहितो बघ." आणि लिहिलं त्याने. असं पोर देवाचंच असतं, त्याला भिंतीच्या आत घ्या, असं लिहिलं. बाळ येशूला मारायला म्हणून हेरोद राजाने गावातली तान्ही बाळं कापली, त्या बाळांच्या सणासाठी त्याच वर्षी त्याने एक स्तोत्रही रचलं. स्तोत्र बिशपना फार आवडलं. पुस्तक मात्र त्यांनी पाखंडी ठरवलं आणि त्याच्याच हातून जाळायला लावलं.

पुस्तक जळून गेल्यावर मी त्याला मठाच्या फाटकाशी गाठलं.

"काय रे, एवढं शिकलास आणि तोंडातून एक शब्द फुटला नाही?"

"ताई, हळू बोल. मला जन्मभर कोंडून ठेवलं असतं त्यांनी."

"आणि माझं पोर डुकरांत पडलंय ते?"

तो मान खाली घालून निघून गेला. मला त्याची किळस आली.

मग डिसेंबरात त्या बाळांचा सण आला. बिशप स्वतः आमच्या गावच्या मठात आले. गॉसविन इतर साधूंबरोबर वेदीजवळ उभा होता. त्याचंच स्तोत्र सुरू झालं आणि बिशप डोळे मिटून गाऊ लागले. गाल ओले झाले त्यांचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेलविद माझा झगा ओढत होती, तरी मी पुढे गेले.

"बिशपसाहेब, या बाळांना बाप्तिस्मा कोणी दिला होता?"

बिशपबरोबर आलेले पंडित हसले. बिशपही हसले, पोराटोरांची समजूत काढावी तसे. "बाई, येशूपायी त्यांनी रक्त सांडलं. त्यांचा बाप्तिस्मा त्या रक्ताने झाला."

"मग माझं पोर तर रक्तानेच न्हालं होतं. माझ्या रक्ताने, नखशिखांत. विचारा या हेलविदला. बिअर नंतर ओतली."

आता कोणी हसलं नाही.

"ते रक्त वेगळं," बिशप म्हणाले.

"कसं वेगळं? सांगा ना!"

बिशपनी वेदीकडे बोट केलं. "गॉसविन, बहिणीला समजावून सांग."

गॉसविन पांढराफटक पडला. मला वाटलं, झालं, हा पुन्हा शेपूट घालणार.

"महाराज," तो शेवटी म्हणाला, "याचं उत्तर माझ्याकडे होतं. तुम्ही ते माझ्याच हातून जाळून घेतलंत."

तो तडक खाली उतरला आणि दाराबाहेर पडला. कबर खणणाऱ्याचं फावडं उचलून तो भिंतीबाहेर, माझं पोर पुरलं होतं तिथे खणू लागला. जमीन गोठून दगड झाली होती, आणि याचे हात जन्मभर लेखणी धरलेले. तळवे सोलवटले तरी थांबला नाही. बिशपची माणसं धावत आली, तोवर गावातल्या बायका आपापली लेकरं कडेवर घेऊन आमच्याभोवती उभ्या राहिल्या होत्या. त्या सणाच्या दिवशी त्यांच्यावर हात टाकायची कोणाची छाती झाली नाही. मी माझं बाळ झग्यात गुंडाळून कबरस्तानाच्या फाटकातून आत नेलं आणि तिथे पुरलं.

संध्याकाळी गॉसविनला घेऊन गेले. डोंगरातल्या कुठल्याशा मठात कोंडलाय, शाई-कागद बंद. मला भेटू देत नाहीत. जाळलेल्या पुस्तकाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, पण तो समोर यावा आणि मी त्याला तोंडावर शिव्या द्याव्यात, असं रोज वाटतं.

स्तोत्र मात्र दर वर्षी गातात. बिशप येतात, डोळे मिटून गातात. ते डोळे उघडतील तेव्हा समोर मी दिसावी, म्हणून मी मुद्दाम पुढे उभी राहते. आता ते शेवटच्या ओळीपर्यंत डोळे उघडतच नाहीत.