करीमभाईच्या नावाची पाटी

मल्लिकार्जुन शेटनं बैलगाडीतून यंत्र उतरवलं, तेव्हाच निंगप्पा लोहारानं ते ओळखलं. काचेखाली खिळ्यांचं दाट रान, बाजूला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी खिळ्यांत ठेचकाळत खाली यायची, भोकात पडली की घंटी वाजायची. औरादच्या जत्रेत करीमभाई हा खेळ मांडायचा. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत करीमभाई मारला गेला, घर लुटलं गेलं.

"जत्रेच्या आत उभं करून दे," शेट म्हणाला. "आन ही पितळेची पाटी काढून माझ्या नावाची ठोक."

"करीमभाईचं हाय हे, अण्णा."

"लिलावात घेतलंय मी. चोरलंय व्हय?"

खोटं नव्हतं ते. निंगप्पानं यंत्र भात्याजवळ ओढून घेतलं.

तळाचा पत्रा सुटला होता. तो जोडायला लोखंडी रिबीट, म्हणजे बिनटोकाचा खिळा, ठोकलं तर पातळ पत्रा फाटला असता, ॲल्युमिनियमचं दांड्याच्या हिसक्यानं ढिलं झालं असतं. त्यानं तांब्याची निवडली, भोकात घट्ट बसतील अशी. खाली ऐरण, वरून हलके टोले. डोकी गोल होत बसली. घंटीची पट्टी झाली, गोळीची वाट झाली. पाटीला मात्र हात लागेना.

शेवटी तो करीमभाईच्या बायकोकडं, जैनबबीकडं गेला. ती गोधडी शिवत होती.

"भाभी, पाटी मी काढणार न्हाई. शेटला सांगतो, दुसऱ्याकडून करून घे म्हणून."

असं म्हटल्यावर ती दोन शब्द बरे बोलेल, असं त्याला वाटलं होतं.

"कामून न्हाई? काढ," जैनबबी म्हणाली. "आमचं दार तोडणारेच जत्रंत खेळायला येतील. मेरे मियाँका नाम वहाँ नको. मला आणून दे. वाकवू नको तेवढं."

छिन्नीनं एका घावात काम झालं असतं, पण पाटी मुडपली असती. निंगप्पा कानशीनं रिबिटांची डोकी झिजवत बसला. मग मागून खिळा लावून एकेक रिबीट बाहेर ढकललं. शेवटचं अडलं. पुन्हा कानस लावून त्यानं जोर केला, ती निसटली आणि नावावर लांब ओरखडा उमटला. राख लावून घासलं, चिंच लावली. जाईना.

त्यानं पाटी नेऊन दिली, तेव्हा जैनबबीनं ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"माझ्या हातून झालं," निंगप्पा म्हणाला.

तिनं पाटी ओढणीत गुंडाळली आणि पुन्हा सुई हातात घेतली. त्याला बस म्हणाली नाही.

जत्रेत शेटच्या नावाची पाटी लागलेल्या यंत्राभोवती झुंबड उडाली. शेटनं निंगप्पाला हाक मारून पुढं घेतलं, "पहिला डाव तुझा!" सगळे बघत होते. निंगप्पानं दांडा ओढला. गोळी खिळ्यांतून घरंगळली, घंटी खणखणली. लोक ओरडले, कुणीतरी पाठीवर थाप मारली. थाप मारणारा जैनबबीचं दार तोडणाऱ्यांतला होता का, हे बघायला निंगप्पानं मान वर केली नाही.