सरावाचा मुक्काम

पलंगावर मोज्यांचे सहा जोड, दोन कानटोप्या, एक क्रेप बँडेज आणि तीन टॉर्च मांडलेले होते. तिसरा टॉर्च मास्तरांनी कालच आणला होता. त्यांच्या बायकोनं तो सॅकच्या तळाशी सरकवला.

हिमालयातला हा पाच रात्रींचा सोपा ट्रेक मास्तरांनीच आखला होता. तंबू नको, शिधा नको. रोज संध्याकाळी वाटेवरच्या टीहाऊसमध्ये जेवायचं आणि तिथंच झोपायचं. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. प्रत्येक मुक्कामाची उंची तोंडपाठ. उद्या लेक तिकिटं काढणार होती. फोनवर तिला काळजी होती ती बाबांच्या गुडघ्यांची.

"त्यांचं सोड," बायको म्हणाली, "माझेच आधी बोंब मारतील."

तिची भीती गुडघ्यांची नव्हतीच. घरात मास्तर अंधारातही बरोबर चालत, कारण घर बदलत नव्हतं. तिथं मात्र पाच रात्री, पाच नव्या खोल्या. मागच्या महिन्यात जावेकडे पाणी प्यायला म्हणून उठले आणि कपड्यांचं कपाट उघडून उभे राहिले. सगळे हसले, मास्तरही हसले. तिनं मात्र त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

म्हणून तिनंच सराव सुचवला. सामान भरून झाल्यावर त्याच सकाळी सॅक पाठीला लावून दोघं गावाबाहेरची टेकडी चढली. माथ्यावरच्या लॉजमध्ये एक रात्र राहायचं होतं. मास्तर पुढे, ती धापा टाकत मागे.

"येताय ना, बाईसाहेब?" वळणावर थांबून ते म्हणाले. "की खेचर सांगू?"

ती हसली. आपण उगीचच घाबरतोय, असं तिला वाटलं.

दुपारी मास्तर टॉवेल घेऊन पॅसेजच्या टोकाच्या बाथरूममध्ये हातपाय धुवायला गेले. तिनं दार नुसतं लोटलं. नळ बंद झाला तसं तिनं घड्याळ पाहिलं. पावलं आली, दारावरून पुढे गेली, परत फिरली. कुठल्यातरी दारावर टकटक झाली.

"माफ करा हं," वर्गात ऐकू यायचा तोच स्वच्छ आवाज.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि तोंडावरच हात दाबून धरला. पावलं पुन्हा जवळ आली, पुन्हा लांब गेली.

शेवटी दार उघडलं. मास्तरांनी टॉवेल पिळून दोरखंडासारखा केला होता.

"जरा पाय मोकळे करून आलो," ते म्हणाले. "लेकीला सांग, तिकिटं काढ म्हणावं."

ते आडवे झाल्यावर ती पॅसेजमध्ये गेली. बाथरूमपासून खोलीपर्यंत बावीस पावलं होती. मास्तरांना एकोणीस मिनिटं लागली होती.