तिसऱ्या तबकडीचा निकाल

तिसरी तबकडी चांगली आहे, हे मी राहेरीच्या पुलाजवळ, नदीकाठी, भागवतच्या सगळ्या भावकीसमोर मोठ्या आवाजात कबूल केलं, आणि कावळा शिवला.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. असं काही झालेलं नाही. वाद अजून चालू आहे, मी माझ्या मतावर ठाम आहे, आणि भागवत गप्प आहे तो त्याला उत्तर सुचत नाही म्हणून. या समजुतीने पुढचं वाचावं.

वाद असा. इंग्लंडात पंक रॉकचा जोर होता त्या काळात 'द डॅम्प मॅचेस' नावाचा एक बँड होता. म्हणजे ओल्या काड्या. गिटार बडवायची, बोंबलायचं, दोन मिनिटांत गाणं संपवून घरी जायचं, हा त्या लोकांचा धर्म. इतक्या कमी बोलणाऱ्या माणसांनी एके दिवशी अचानक तीन तबकड्यांचा अल्बम काढला. सहा बाजू. नाव 'कम्प्लेंट्स विंडो', म्हणजे तक्रार खिडकी. पहिल्या तबकडीत सरकारबद्दल तक्रारी आहेत, दुसरीत घरमालकाबद्दल, आणि तिसरीत कशाबद्दल आहेत हे बँडलाही माहीत नसावं. एका गाण्यात पत्र्यावर पाऊस पडतो. एक गाणं पहिल्या तबकडीतलंच आहे, फक्त हळू, गायकाला झोप आल्यासारखं. आणि सहाव्या बाजूच्या शेवटी एक फोन वाजतो. नऊ मिनिटं. कोणी उचलत नाही. त्या गाण्याला नावसुद्धा नाही, पाकिटावर तिथे नुसती रेघ आहे.

बुलढाणा जिल्ह्यात या बँडचे चाहते तीन. तिघंही दुसरबीडचे, त्यामुळे बाकीचा जिल्हा तसा मोकळाच होता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव होतं 'डॅम्प मॅचेस जिल्हा कार्यकारिणी'. भागवत जिल्हाध्यक्ष, इंद्रभान सचिव, मी विरोधी पक्षनेता. साधा सदस्य आम्हाला कधी मिळाला नाही.

भागवत कृषी केंद्रात कामाला होता. शेगावला कॉलेजात असताना हा बँड आम्हा दोघांना एका रूममेटकडून लागला, जशी काही जणांना तिथे खरुज लागली. भागवतने पुढे तो अल्बम कुठूनतरी जुना मागवला. इंद्रभानचं साऊंड सर्व्हिसचं काम, लग्नाला बॉक्स लावायचे. त्याच्या वडिलांच्या काळी लग्नात भोंगे आणि रेकॉर्डी चालायच्या, तो रेकॉर्ड प्लेअर गोडाऊनमध्ये मंडपाच्या कापडाखाली जिवंत सापडला. म्हणून ज्या दुपारी ऑर्डर नसेल त्या दुपारी गावाबाहेरच्या त्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, वरातीच्या बॉक्सवर, आम्ही इंग्लंडच्या तक्रारी ऐकायचो. गायक तोंडात तंबाखूचा खर्रा धरून गायल्यासारखा गातो, त्यामुळे शब्द कळायचे नाहीत. तक्रार आहे एवढं कळायचं.

तीन तबकड्या तिघांनी एकेक घरी ठेवायच्या, असा भागवतचा नियम. कोणी एकट्याने ऐकू नये म्हणून. पहिली इंद्रभानकडे, दुसरी माझ्याकडे. तिसरी त्याने स्वतःकडे ठेवली, कारण आम्ही दोघं तिची काळजी घेणार नाही अशी त्याला खात्री होती. खात्री बरोबर होती.

इंद्रभानचं मत असं की अल्बमची एकच तबकडी पाहिजे होती. त्याने जानेफळच्या एका हळदीत मधेच दुसऱ्या बाजूचं गाणं लावून पाहिलं होतं. नाचणाऱ्या काकांनी स्टेप बदलली नाही. त्याने तीन गाणी बदलली, काकांची स्टेप तीच. यावरून त्याने निष्कर्ष काढला होता की एवढी गाणी लागतच नाहीत. मी मध्यममार्गी. दोन तबकड्या उत्तम, तिसरी म्हणजे स्टुडिओचं भाडं आधीच भरलं होतं म्हणून वाजवत बसले.

आणि भागवत म्हणायचा, तिसरी आहे म्हणून पहिल्या दोन आहेत.

हे तो इतक्या शांतपणे म्हणायचा की राग यायचा. त्याचं म्हणणं, निवडून घ्यायला ही काय मेथी आहे? माणूस घेताना सगळा घ्यावा लागतो. त्याचे शंकरमामा बोलायला लागले की सहावी बाजू वाजल्याशिवाय थांबत नाहीत, मग मामाला काय दुसऱ्या बाजूलाच बंद करायचं? मी म्हणायचो, करता आलं तर करावं. फोनच्या गाण्यावर आमचं सगळ्यात जास्त वाजायचं. मी सुई उचलायला जायचो, तो माझा हात धरायचा.

"थांब बे. उचलंल कोनी तरी."

"चाळीस वर्षं झाली, उचलला नाही कोणी."

"मंग आज उचलंल."

असं दर वेळी. नऊ मिनिटं तो त्या बॉक्सकडे बघत बसायचा, एसटीची वाट बघतात तसा. गाणं संपलं की म्हणायचा, वाजत होता तोवर घरी कोणीतरी होतं असं वाटत होतं ना, तेच गाणं आहे. मी म्हणायचो, ही कंपनीची फसवणूक आहे.

यंदा सोयाबीन काढणीच्या तोंडावर त्याला ताप आला. साधा ताप, गोळी घेऊन दुकानात गेला. मग पेशी कमी झाल्या, मग जालन्याला नेलं, मग पेशी वाढल्या असा निरोप आला, आणि मग गाडी घरी आली ती आवाज न करता. एवढंच झालं. याच्यात मला सांगण्यासारखं काही सापडत नाही आणि कोणी विचारूही नये.

भागवतला जाळून आल्यावर इंद्रभान गोडाऊनच्या दारात बसला. मग म्हणाला, अध्यक्षपद आता रिकामं धरायचं का. मी म्हणालो, नाही. त्याने मान हलवली. सचिव म्हणून त्याला विचारणं भाग होतं.

दोन दिवसांनी मला सहाव्या बाजूविरुद्ध एक मुद्दा सुचला. चांगला मुद्दा होता. सवयीने भागवतला फोन लावला आणि लावल्यावर लक्षात आलं. पण फोन लागला. वाजला, पूर्ण वाजला, कट झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा वाजला. बंद नव्हता, म्हणजे कोणीतरी चार्ज करत होतं. मी रोज लावायला लागलो. काय मुद्दा होता ते मात्र विसरलो.

दशक्रियेला सकाळीच नदीवर गेलो. विधीला भागवतचा चुलतभाऊ बसला होता. प्रवचन झालं, त्यात महाराजांनी मोबाईलमुळे पिढी वाया गेल्याचं सांगितलं. मग पिंड ठेवले आणि सगळे मागे सरकले.

कावळा होता. बाभळीवर एकच. बसला होता, पिंड बघत होता, आणि येत नव्हता.

जिवात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून एकेकाने पुढे होऊन भागवतला शब्द द्यायला सुरुवात केली. चुलतभावाने सांगितलं, राखीचं लग्न आम्ही करू. राखी म्हणजे भागवतची बहीण. तिने मान खाली घातली. कावळा हलला नाही. शंकरमामांनी सांगितलं, विहिरीवरची मोटर दुरुस्त करू. मग स्प्रिंकलर आणू. मग गोठ्यावर पत्रे टाकू. मामांच्या चौथ्या बाजूला कावळ्याने पाठ फिरवली. कृषी केंद्राच्या मालकाने गल्ल्यामागे फोटो लावायचं कबूल केलं. काही नाही.

ऊन चढलं. मामांना मळणी यंत्राचा दुपारचा नंबर मिळाला होता आणि तो गेला तर आठ दिवस यंत्र मिळणार नव्हतं. त्यांनी महाराजांना हळूच विचारलं, आणि महाराज म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावता येतो, शास्त्रात सोय आहे. पण भागवतची आई, वच्छलाकाकू, वाळूत बसल्या होत्या. सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. गवताचा कावळा चालणार नाही म्हणाल्या. खरा येईल तेव्हाच उठीन.

तेव्हा इंद्रभानने मला कोपर मारलं आणि स्वतःच पुढे गेला. हात जोडून म्हणाला, "भागवत, तिन्ही डिस्क चांगल्या हायेत बे. मी लगनात वाजवतो." भावकीला वाटलं हा साऊंडचा काही व्यवहार राहिला असेल. कावळ्याने चोच पंखावर घासली. इंद्रभान परत आला आणि म्हणाला, त्याले खोटं समजते.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पुढे गेलो. पण मी ठरवलं होतं, सगळं द्यायचं नाही. मी म्हणालो, पाचव्या बाजूचं पहिलं गाणं बरं आहे. कावळा एक फांदी खाली आला. मागे कुजबुज झाली. मी म्हणालो, पावसाचं गाणंही ठीक आहे, पण लांब आहे. कावळा होता तिथेच राहिला. मी 'पण लांब आहे' मागे घेतलं. तो आणखी एक फांदी खाली आला. शंकरमामा मागून म्हणाले, द्या हो भाऊ, काय असंल ते देऊन टाका. हळू गाणं मी विनाअट दिलं. कावळा वाळूत उतरला, पिंडापासून हातभर, आणि थांबला.

राहिलं होतं फोनचं गाणं.

ते मी देऊ शकत नव्हतो. लोकांना वाटलं मी अडून बसलोय. अडूनच बसलो होतो. भागवतचं सगळं संपलं होतं, दुकान, डबा, गाडी, पेशी. एक वादच काय तो बाकी होता. तो मी हरलो असतो तर त्याच्याशी बोलायला माझ्याकडे काही उरलं नसतं. वाद चालू होता तोवर एक बाजू माझी होती आणि एक त्याची. म्हणजे तो होता.

मागून काकू उठून आल्या. मला वाटलं रागावतील. त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि कावळ्याकडे बघतच बोलल्या.

"तू रोज फोन लावते ना त्याले. तुहा फोटो येते त्याच्यावर."

मी खिशातला फोन चाचपला.

"मी उचलत नाही. वाजते तवर बरं वाटते." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्याचं काही राह्यलं नसंल, बाप्पा. तो कुठी धरून ठेवनारा होता. तुहंच राह्यलं. सांगून टाक त्याले."

त्यांच्या ओठांवर भेगा पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग जे बोलायचं नव्हतं ते बोललो. मोठ्याने बोललो. म्हणालो, फोनचं गाणं चांगलं आहे. तिसरी तबकडी चांगली आहे. मला तेव्हा कळलं नव्हतं, आता रोज ऐकतो.

कावळा दोन उड्या मारून आला, पिंडाला चोच लावली, आणि उडून गेला. जिंकल्याचं काही त्याच्या तोंडावर दिसलं नाही. भागवतच्याही दिसायचं नाही.

सगळे सुटले. मामा मळणी यंत्राकडे पळाले. राखीने आईला पाणी पाजलं. इंद्रभान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ठराव मंजूर, आणि मग त्याला रडू आलं, इतकं की दोन भावकीवाल्यांनी त्याला धरून पुलापर्यंत नेलं. सचिवाला शोभणारं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने फोन लावला. नंबर बंद आहे, बाई सांगत होती, मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तीन तबकड्यांत.

मी भागवतच्या घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला. फोन देवाच्या फळीवर उपडा ठेवलेला होता, चार्जर गुंडाळून. मी बघतोय हे बघून त्या म्हणाल्या, कावळा शिवला ना आता. गेला तो. वाजत ठेवून काय करू. मग आतून त्यांनी तिसरी तबकडी आणली, जुन्या साडीत गुंडाळलेली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. तुले आवडते म्हनाला ना, ने.

दोन तबकड्या आता माझ्याकडे आहेत. नियमाप्रमाणे मी त्या एकटा ऐकू शकत नाही. सबब हा अर्ज.

प्रति, मा. तक्रार खिडकी, जी कुठे असेल तिथे. विषय : कबुली रद्द करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, राहेरीच्या पुलाजवळ अर्जदाराने केलेली कबुली ही ऊन व एका आईची तहान यांच्या दबावाखाली झालेली असल्याने ती झालीच नाही असे समजण्यात यावे. सदर कावळ्याने लावलेली चोच परत घेण्यात यावी. तिसऱ्या तबकडीचा वाद पूर्ववत प्रलंबित ठेवण्यात यावा. आणि मयत भागवत यांचा नंबर पुढील आदेशापर्यंत वाजता ठेवण्यात यावा. उचलला नाही तरी अर्जदाराची हरकत नाही.